कोकणातला पूर: घाटातला पाऊस, खाडीतली भरती आणि आपलं जोतं

राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरलं, ही बातमी कोकणाला नवी नाही. चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव, खेडला जगबुडी, महाडला सावित्री, काळ आणि गांधारी, नागोठण्याला अंबा, रोह्याला कुंडलिका, बांद्याला तेरेखोल. नदीचं नाव बदलतं, पाणी चढायची तऱ्हा तीच असते. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात जेमतेम ५०-६० किलोमीटर अंतर आहे. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत पायथ्याला उतरतं. सपाटीला आल्यावर मात्र ते अडखळतं, कारण पुढे खाडी असते आणि खाडीत भरती असते. आपल्या जुन्या बाजारपेठा नेमक्या याच जागी वसल्या आहेत, कारण गलबतं भरतीबरोबर तिथपर्यंत येत. ज्या भरतीने व्यापार आणला, तीच पावसाळ्यात पाण्याची वाट अडवते.

देशावर कृष्णेचं पाणी दिवसेंदिवस चढत राहतं आणि दिवसेंदिवस उतरतं. इथे मध्यरात्री अंगणात काही नसतं आणि पहाटे छातीभर पाणी असतं. त्या चार-पाच तासांत विचार करत बसायला वेळ मिळत नाही. काय झालं की काय करायचं, हे मे महिन्यात, कोरड्या अंगणात बसून ठरवून ठेवावं लागतं. त्यासाठी लागणारे आकडे आपल्या घराचे, आपल्या वाटेचे आणि आपल्या पऱ्याचे, म्हणजे घराजवळच्या ओढ्याचे हवेत. पुढची सगळी खटपट ते आकडे मिळवण्याची आहे.

तीन पाणी एकत्र येतात तेव्हा

अंगणातला पाऊस बघून पुराचा अंदाज बांधणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. सावित्री तिथेच उगम पावते आणि महाडला उतरते. त्याच दिवशी महाड आणि चिपळूण दोन्ही बुडाली. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्राला उधाण येत होतं. घाटातलं पाणी, गावातलं पाणी आणि खाडीतलं पाणी एकाच वेळी आलं.

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही महापुरांच्या तारखा पुष्य नक्षत्रातल्या, म्हणजे ज्याला आपण म्हातारा पाऊस म्हणतो त्यातल्या. त्याआधीच्या, पुनर्वसू नक्षत्रातल्या तरण्या पावसाने डोंगर आधीच पोटभर पाणी प्यालेला असतो. म्हाताऱ्या पावसाचा थेंब जमिनीत मुरत नाही, तो थेट पऱ्याला जातो. जूनमधला २०० मिमी आणि जुलैअखेरचा २०० मिमी हे म्हणूनच दोन वेगळे पाऊस आहेत.

मिलिमीटरमधला पाऊस म्हणजे किती पाणी, हे डोळ्यांसमोर यावं म्हणून थोडा हिशेब करू. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिमी पडला तर ९,३०० लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येतं. एक चौरस किलोमीटर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तेच १० कोटी लिटर होतं, आणि कातळ त्यातलं फारसं काही ठेवून घेत नाही.

पहिली पायरी: जोतं, वाट आणि जुनी खूण एका पातळीवर आणा

गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या: पारदर्शक, आतून ८ ते १० मिमी, लांबी १५ मीटर. सोबत मीटर टेप, खडू आणि दोन माणसं. बादलीतून तोंडाने ओढून नळी भरा आणि आत बुडबुडा राहिला नाही ना, ते पूर्ण लांबीभर बघा. एक बुडबुडा सगळी मोजणी बिघडवतो. भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरा. पाणी सारख्या रेषेवर आलं नाही तर पुन्हा भरा.

आता गावातली जुन्या पुराची खूण शोधा. गावातलं जुनं माणूस सोबत असलं तर ती चटकन सापडते: देवळाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर. इथे जपून. जांभ्याची भिंत पाणी वर ओढते, त्यामुळे ओलीचा पट्टा खऱ्या पाण्याच्या रेषेपेक्षा बराच वर दिसतो. खरी रेषा फरशीच्या भिंतीवर, काचेवर, लोखंडी कपाटावर किंवा झाडाच्या फांदीत अडकलेल्या गवताकाडीवर मिळते. दोन-तीन जागी बघून जुळवा.

नळीचं एक टोक त्या खुणेशी धरा. दुसऱ्या टोकाला पाणी जिथे स्थिरावेल तिथे खडूने रेघ मारा. ती रेघ म्हणजे तीच पातळी, पुढच्या भिंतीवर आणलेली. असं टप्प्याटप्प्याने घरापर्यंत या. एका जागेवरून दुसरीकडे जाताना दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर पाणी सांडतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. घरापाशी पोचल्यावर जोत्यापासून ती रेघ किती वर किंवा खाली, ते मोजा. समजा ती जोत्याच्या ८० सेंटिमीटर वर निघाली, तर हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

एवढ्यावर थांबू नका. घरापासून उंचावरच्या पक्क्या रस्त्यापर्यंत जाणाऱ्या वाटेचा सगळ्यात खोल भाग शोधा. तो बहुधा साकव, मोरी किंवा पाणंदीतला खोलगट तुकडा असतो. त्याचीही पातळी जोत्याशी ताडून बघा. पुष्कळ वाड्यांत ही जागा जोत्यापेक्षा मीटर-दीड मीटर खाली असते, म्हणजे घर बुडायच्या कितीतरी आधी वाट बुडते. लोक अडकतात ते यामुळे: पायरीला पाणी लागेपर्यंत निवांत बसतात, आणि निघायचं ठरवतात तेव्हा पाणंदीत कंबरभर ओढ असते.

शेवटी, घरातून दिसेल अशा विजेच्या नसलेल्या खांबावर किंवा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यावर ऑइल पेंटने दोन रेघा मारा. लाल रेघ वाटेच्या सगळ्यात खोल जागेच्या पातळीवर. पिवळी तिच्या ६० सेंटिमीटर खाली. पाणी पिवळ्या रेघेला लागलं की आवराआवर संपवायची, आणि लाल रेघ बुडायच्या आत घर सोडायचं.

जिल्ह्याच्या किंवा नगरपालिकेच्या गावात असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषाही बघून ठेवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, आणि निळी ते लाल यांच्यामध्ये अटींसह. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ पुढची ९९ वर्षं निर्धास्त असा नाही. दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच.

दुसरी पायरी: घरचा पर्जन्यमापक

सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी असतो. तुमच्या पऱ्यावर काय पडलं ते तो सांगत नाही. सरळ अंगाची २ लिटरची प्लॅस्टिक बाटली घ्या. जिथे ती निमुळती होऊ लागते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बुडाचा भाग उंचसखल असतो, तिथे खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. वरचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच व्यासाचं असल्यामुळे पट्टीवरचा १ मिमी म्हणजे पावसाचा १ मिमी. बादलीत हे जमत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली अरुंद असते.

बाटली जमिनीपासून फूटभर वर, पागोळ्यांपासून लांब ठेवा. शेजारचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुप्पट अंतर हवं. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा, हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच संपतो. झोडपता पाऊस असेल तर दर तासाला मोजा आणि बाटली भरत आली की मोजून रिकामी करा. वहीत शेजारी पऱ्याची पातळीही लिहा.

नदीकाठच्या वाडीसाठी तीन तासांत १०० मिमी हा आमचा धोक्याचा ठोकताळा आहे. हा आकडा सरकारी नाही. दोन पावसाळे वही भरली की तुमच्या पऱ्याचा खरा आकडा त्या वहीतच सापडेल.

तिसरी पायरी: भरतीची वेळ काढा

खाडीकाठच्या माणसाला हे सांगायला नको, पण शहरातून गावी आलेल्या पोरांना येत नाही म्हणून लिहितो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊण ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती आणि नऊच्या आसपास ओहोटी. त्रयोदशीला १३ चे पाऊण पावणेदहा. रोज भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, आणि खाडीत आत जाल तशी भरती मुखापेक्षा उशिरा पोचते. नेमकी वेळ हवी असेल तर बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास नदीचं पाणी खाडीत शिरायला जागाच नसते. त्या तीन तासांत घाटात पाऊस असेल तर पाणी बाजारपेठेत पसरतं. भांगाच्या दिवशी तेवढाच पाऊस पुष्कळदा नुसता काठ भरून निघून जातो. ठाणे-रायगडच्या खाड्यांमध्ये भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, सिंधुदुर्गाकडे तो कमी होत जातो. तरी नियम तोच.

चौथी पायरी: इशारे वाचायला शिका

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. महसूल खात्याची अतिवृष्टी मात्र मंडळात ६५ मिमीला लागते. पेपरात अतिवृष्टी हा शब्द दिसला तर कोणत्या अर्थाने आहे ते बघा. जुलैत कोकणात ६५ मिमी हा रोजचाच पाऊस.

पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हा रंग अख्ख्या जिल्ह्याचा असतो. लाल इशारा असून तुमच्या गावी ऊन पडलं म्हणून तो खोटा ठरत नाही. तुमच्या नदीचं पाणलोट ज्या बाजूला आहे तिथलं बघा: चिपळूणकरांनी पोफळी-कुंभार्लीकडचं, महाडकरांनी महाबळेश्वर-पोलादपूरकडचं. पुढच्या तीन तासांचे तातडीचे अंदाज आणि रडारची चित्रं मौसम ॲपवर आणि खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. जिल्ह्याच्या धोक्याच्या सूचनांसाठी सचेत ॲप ठेवा.

नदीच्या पातळीचे दोन आकडे जाहीर होतात: इशारा पातळी आणि धोका पातळी. खेडला जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर, चिपळूणला वाशिष्ठीचीही तीच. महाडला सावित्रीची धोका पातळी ६.५ मीटर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काजळी नदीची मात्र १८ मीटर. याचा अर्थ काजळी जास्त खोल आहे असा नाही. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळ्या जागी धरलेला असतो. एका नदीचा आकडा दुसरीला लावू नका. आपल्या पुलावरच्या पट्टीचा कोणता आकडा म्हणजे आपल्या खांबावरची पिवळी रेघ, हे एकदा जुळवून वहीत लिहून ठेवा.

वाशिष्ठीकाठच्या लोकांनी कोळकेवाडी धरणही लक्षात ठेवावं. कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, तिथून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे नदी एरवीही भरलेली असू शकते. लघुपाटबंधाऱ्याच्या खाली वस्ती असेल तर धरणाच्या कोरड्या बाजूवर नजर हवी. तिथे गढूळ पाणी पाझरू लागलं, माती खचली किंवा भोवरा दिसला तर ताबडतोब तहसील कार्यालयाला कळवा आणि वाडी रिकामी करा. स्वच्छ पाण्याचा पाझर थोडा वेळ देतो. गढूळ पाझराबरोबर धरणाची माती वाहून चाललेली असते. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं, तेव्हा खालच्या वाडीला वेळच मिळाला नाही.

पाचवी पायरी: निर्णयाचा नियम

आता घाट, अंगण आणि खाडी हे तीन प्रश्न विचारा. घाटमाथ्यावर नारिंगी किंवा लाल इशारा आहे का? आपल्या बाटलीत तीन तासांत १०० मिमी पडला का? पुढच्या सहा तासांत उधाणाची भरती आहे का?

एकाचं उत्तर हो आलं तर वही उघडी ठेवा आणि रात्री एकाने जागं राहा. दोघांचं हो आलं तर सामान वर चढवा, गाडी उंचावर नेऊन ठेवा, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि बाळंतीण यांना नातेवाइकांकडे पोचवा. तिन्हींचं हो आलं तर सगळ्यांनी निघायचं, आणि तेही दिवेलागणीच्या आत. अंधारात साकव दिसत नाही, आणि वाहून गेलेला पूलही दिसत नाही. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, आणि त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या नदीत पडल्या.

पाणी चढायला लागलं की दर १५ मिनिटांनी खांबावर मोजा. १५ मिनिटांत १० सेंटिमीटर म्हणजे तासाला ४०. लाल रेघ ६० सेंटिमीटर दूर असेल तर हिशेबाने दीड तास आहे. तुम्ही त्याचा निम्मा धरा, पाऊण तास. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. वरच्या अंगाला अडकलेला ओंडक्यांचा बांध फुटला की ते एकदम येतं.

काय उचलायचं, काय सोडायचं

चाळीस मिनिटांत चार माणसांच्या घराची आवराआवर होते, क्रम ठरलेला असेल तर. आधी कागद: सातबारा, घरपट्टीची पावती, आधार, पासबुक, शाळेचे दाखले. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकात एक. मग रोजची औषधं आणि चष्मा. मग धान्याचे डबे माळ्यावर. मग पंपाची मोटर, मिक्सर, इन्व्हर्टरची बॅटरी. माळा आधी तपासा. वाळवीने खाल्लेल्या वाशांवर भाताची कणगी चढवली की माळाच खाली येतो.

गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला उभा बांधा. रिकामा किंवा अर्धा सिलिंडर तरंगतो आणि नळी तोडतो. फ्रिजही तरंगतो आणि आडवा होऊन दार अडवतो, तो आतल्या खोलीत न्या. शौचालयाच्या भांड्यावर वाळूची पिशवी दाबून ठेवा, नाहीतर सेप्टिक टाकीचं पाणी पुराच्या आधी घरात येतं.

मेन स्विच पाणी जोत्याला लागायच्या आत पाडा. खोलीत पाणी आल्यावर त्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही. तसं झालं असेल तर वायरमनला किंवा १९१२ ला फोन करून लाइन वरूनच बंद करायला सांगा.

गुरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर जागच्या जागी मरतं, सुटलेलं उंचावर जातं. गोठ्याचं दारही उघडं बांधून ठेवा, लाटेने मिटायला नको.

खताच्या रिकाम्या गोण्या वाळूने किंवा मातीने निम्म्या भरा, फार तर दोन तृतीयांश. गच्च भरलेली गोणी गोल होते आणि फटीतून पाणी सोडते. तोंड दुमडून पाण्याच्या बाजूला घाला, गोण्या चिऱ्यांसारख्या सांधा मोडत रचा आणि बाहेरून ताडपत्री लावा. हे दोन फुटांपर्यंतच. त्याहून जास्त पाणी बाहेर थोपवलं तर त्याचा दाब भिंतीवर येतो आणि जुनी जांभ्याची भिंत आत ढकलली जाते. पाणी दोन फुटांवर गेलं की दार उघडून ते आत येऊ द्यावं. चिखल निघतो, पडलेली भिंत जिवावर बेतते.

सोबत न्यायची पिशवी लहान ठेवा: विजेरी, मेणबत्ती, काडेपेटी, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, ३० फूट दोर, कोरडे कपडे, तीन दिवसांचा कोरडा खाऊ. पिण्याचं पाणी माणशी रोज ३ लिटर, म्हणजे चार जणांना तीन दिवसांचं ३६ लिटर. हे डोक्यावर घेऊन कोणी जात नाही, म्हणून ते आधीच उंचावरच्या घरी नेऊन ठेवायचं.

वाहत्या पाण्यात घोट्याच्या थोडं वर, १५ सेंटिमीटरलाच माणसाचा तोल जातो. ३० सेंटिमीटरला लहान गाडी तरंगू लागते, ६० ला जीपसुद्धा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी ओसरल्यावरही चावी न फिरवता बॅटरी सोडवून टोचन करून न्या.

मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन करताना वाडीचं नाव, जवळचं देऊळ, माणसं किती, त्यात आजारी किती आणि पाणी जोत्याच्या किती वर, एवढं सांगा. पोलीस पाटलाकडेही आपला नंबर असू द्या.

वीज

भर जुलैत कोकणात विजा कमी. खरा धोका मेअखेरच्या वळवाचा आणि हस्त-चित्रातल्या परतीच्या पावसाचा. तेव्हा नेमकी भातकापणी चालू असते आणि माणसं उघड्या मळ्यात असतात. दुपारनंतर पूर्वेला घाटावर काळे ढग उभे राहू लागले की दामिनी ॲप उघडा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे आणि जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं.

ॲप नसेल तर मोजा. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात ३ सेकंद म्हणजे वीज सुमारे १ किलोमीटरवर. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच विळा घेऊन निघालेली माणसं त्या शेवटच्या विजेला सापडतात. मांगर चारी बाजूंनी उघडा असेल तर तो आसरा नव्हे, माड किंवा आंबा तर मुळीच नव्हे. मळ्यातच अडकलात तर दोन्ही पाय जुळवून चवड्यांवर उकिडवं बसा आणि कान झाका. आडवं पडू नका, एकमेकांपासून लांब राहा.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास, रुग्णवाहिका येईपर्यंत.

डोंगराच्या पायथ्याशी असाल तर

पुराला घाबरून डोंगराच्या कुशीत जाणं हा उपाय नव्हे. २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते इथे, आणि २२ जुलै २०२१ ला तळिये इथे दरडीने माणसं गाडली. जांभ्याखालची चिकण माती पाण्याने सुटली की वरचा भार घसरतो. उंच जागा निवडताना वर उतार नसलेली निवडा: सड्यावरची शाळा, देवळाचं सभागृह.

दोन-तीन दिवस संततधार चालू असेल तर रोज उजेडात घरामागचा उतार फिरून बघा. जमिनीला नवी भेग, वाकलेलं झाड किंवा खांब, कालपर्यंत मिटणारं आणि आज अडकणारं दार, एकाएकी आटलेला किंवा गढूळ झालेला झरा, पऱ्याचं पाणी पाऊस चालू असताना अचानक कमी होणं. यातलं एकही दिसलं तर सामान न उचलता निघा. पुरात सामान वाचवायला मिनिटं मिळतात, दरडीत सेकंदही नाहीत. भेग सापडली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजायची पद्धत आहे, पण ती उघडिपीत करायची. धो धो पावसात भेगेपाशी जाऊ नका.

पाणी ओसरल्यावर

आधी फोटो, मग झाडू. प्रत्येक खोलीत पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढा, भिजलेल्या वस्तू बाहेर मांडून पुन्हा काढा, आणि तलाठ्याला पंचनाम्यासाठी कळवा. घर धुऊन चकचकीत झाल्यावर नुकसान दाखवणं अवघड जातं.

उलथलेल्या भांड्यात, गोणीखाली, कपाटामागे फुरसं, घोणस, मण्यार असू शकते. हात घालण्याआधी काठी घाला, गमबूट घाला. साप चावलाच तर कापू नका, बांधू नका. तो अवयव हलू न देता सरकारी दवाखाना गाठा.

चिखलात काम केल्यावर येणारा ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) असू शकतो: पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, लघवी कमी. जखम असेल तर ती झाकल्याशिवाय चिखलात उतरू नका. डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी घ्यायची का आणि किती, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती परस्पर देऊ नये.

विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर पंप लावून एकदम तळ गाठू नका. बाहेरची जमीन अजून पाण्याने फुगलेली असते, आतला आधार गेला की चिऱ्यांचं बांधकाम ढासळतं. आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं उपसून गाळ काढा. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीतलं पाणी मोजायचं असं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ०.७८५ ने गुणा, म्हणजे घनमीटर निघतील. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पुरते, पुरानंतर दुप्पट धरा. या विहिरीला १४० ग्रॅम.

एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊणभर करून ढवळा आणि दहा मिनिटं राहू द्या. चुन्याचा साका खाली बसेल. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, साका विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होतं. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हिसडे द्या, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत पोचेल. तासाभराने आरोग्यसेवकाकडून ओटी तपासणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला याची तपासणी, करून घ्या. लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवा. दिसला नाही तर पुन्हा डोस द्या आणि तोवर पाणी उकळूनच प्या. उघडून बरेच दिवस झालेली टीसीएल निकामी होते, वास उग्र येत नसेल तर नवी मागा.

वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. बोर्डाच्या खोक्यात चिखल दिवसेंदिवस ओला राहतो. मोटर उघडून, उन्हात किंवा दिव्याच्या उबेवर वाळवून मगच लावा.

आणि भिंतीला पाणी मारण्याआधी ऑइल पेंटचा डबा आणा. या वेळी पाणी जिथवर आलं तिथे रेघ मारा आणि शेजारी तारीख, वेळ, तिथी लिहा. आपल्या बाटलीत त्या रात्री किती मिमी पडला तेही लिहा. पुढच्या वेळी नळी घेऊन फिरणाऱ्याला खूण शोधत हिंडावं लागणार नाही.